सावडीनं दिलेला गोलकीपर

मुलांनो, एक काम करा. जिथं बसला आहात तिथंच बसून मनातल्या मनात एक मैदान तयार करा. मातीचं नको, बर्फाचं. डहाणूच्या बंदरावर मासळीच्या पेट्यांत टाकतात तो कुटलेला बर्फ नव्हे. सपाट, काचेसारखा, शाळेच्या पटांगणापेक्षा मोठा. त्यावर बुटांना पाती लावलेली माणसं सुसाट पळताहेत. हातात वाकड्या काठ्या, आणि त्या काठ्यांनी ती एक काळी चपटी चकती ढकलताहेत. दिसलं? छान. आता ती माणसं पुसून टाका. काठ्या पुसा, चकती पुसा, बर्फही पुसा. काय उरलं? संगणकाच्या पडद्यावर काही नावं, नावांपुढे आकडे आणि आकड्यांपुढे तारे. बास, एवढंच. एवढ्यावरून तलासरीत आठ मुलांची भांडणं होत असत, आणि त्यांतला एक जण स्वतःला जनरल मॅनेजर म्हणवून घेत असे.

त्याचं नाव रविंद्र. दहावीत होता, डहाणूचा. शनिवारी मामाकडे तलासरीला यायचा आणि हायवेलगत टायरच्या दुकानावर संगिता मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथं बसायचा. त्याचा आतेभाऊ कॅनडात होता. हे तुम्हाला मी एकदाच सांगतो आहे. रविंद्र दर शनिवारी सांगायचा. त्या आतेभावानं त्याला हा खेळ दिला होता. आइस हॉकीची लीग. आपण एक संघ घ्यायचा, कोण पुढे खेळेल, कोण मागे, गोलमध्ये कोण, हे ठरवायचं आणि बटण दाबायचं. सामना संगणक स्वतःच खेळायचा आणि निकाल सांगायचा. म्हणजे पळायला नको, पडायला नको, घाम नको. रविंद्रला असला खेळ आवडला यात काही नवल नव्हतं.

"बर्फावर खेळतात?" अच्छाडच्या बाळ्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्याच्या बापाचा नाक्याजवळ ढाबा होता. "मग मासे कुठं ठेवतात?"

सगळे हसले. रविंद्र हसला नाही. जनरल मॅनेजर हसत नसतात.

दोन हजार सोळा सालची ही गोष्ट. क्लास सुटल्यावर अर्धा तास मॅडम मुलांना खेळू द्यायच्या; तेवढाच बोटांना कीबोर्डचा सराव, असं त्यांचं म्हणणं. आठ मुलं, आठ संघ. रविंद्रचा डहाणू, बाळ्याचा अच्छाड, प्राजक्ताचा चिखले. तिचं आजोळ तिथलं. अच्छाडचा संघ नाक्यावरच्या ट्रकांसारखा होता, एकदा थांबला की हलायचा नाही. आणि सातवीतल्या जानीचा संघ होता विवळवेढे.

जानी उधव्याच्या बाजूला डोंगराकडच्या पाड्यावरून जीपनं यायची. भात आणि नागली पिकवणारं घर. या लीगमध्ये तिला घेतलं कारण आठवा, विवळवेढ्याचा, संघ रिकामा होता, आणि रविंद्रच्या मते रिकाम्या संघापेक्षा जानी बरी होती. हे तो तिच्यासमोरच म्हणाला होता.

जानीला तो खेळ कळायला वेळ लागला नाही, पण त्या खेळाभोवतीचा रुबाब काही केल्या कळेना. दर हंगामाच्या शेवटी संगणक काही नवी पोरं तयार करायचा. कुठून आणायचा देव जाणे. त्यांची नावं आपण ठेवायची. कोणाला एक तारा, कोणाला दोन, एखाद्याला तीन. रविंद्र त्यांना 'प्रॉस्पेक्ट' म्हणायचा, आणि ओठ असे करायचा की जणू तो शब्द त्यानंच शोधला. जानीनं मनाशी त्याचा अर्थ लावून टाकला होता: प्रॉस्पेक्ट म्हणजे ज्यानं अजून काहीही केलेलं नाही असा पोरगा, ज्याच्याबद्दल दुसरे पोरगे तासभर बोलतात.

या नव्या पोरांची निवड, म्हणजे ड्राफ्ट, शेवटच्या क्रमांकाच्या संघापासून सुरू व्हायची. जो सगळ्यांत खाली, तो सगळ्यांत आधी निवडणार. दुबळ्याला आधी वाढायचं. हा एक नियम जानीला पटला होता. तिच्या पाड्यावर तो खेळाशिवायच पाळत.

जानीचा गोलकीपर होता लाहू. एका ताऱ्याचा पोरगा, कोणीच घेतला नव्हता म्हणून शेवटी तिच्याकडे आलेला. तिनं त्याला आपल्या धाकट्या भावाचं नाव दिलं. खरा लाहू पाच वर्षांचा. जानी शनिवारी जीपमधून उतरली की तो रस्त्याखालून ओहोळ जातो त्या मोरीवर उभाच असायचा.

"जाने, आज मी किती अडवले?"

"लय अडवले. डहाणूवाले रडले."

मग तो छाती काढून घरापर्यंत पुढे चालायचा.

पडद्यावरचा लाहू मात्र खरोखरच चांगला निघाला. जानी त्याला दर सामन्याला उभा करायची, हरला तरी काढायची नाही, आणि खेळता खेळता त्याचे आकडे चढत गेले. तीन तारे झाले. विवळवेढे तिसऱ्या क्रमांकावर पोचला. रविंद्र म्हणाला, "नशीब." प्राजक्ता म्हणाली, "मग हे नशीब तुझ्या गोलकीपरला का नाही रे लाभत कधी?"

आणि नेमका श्रावणात रविंद्रचा गोलकीपर जायबंदी झाला. संगणकानंच तसं ठरवलं: गुडघा दुखावला, काही आठवडे बाहेर. ज्या माणसाला गुडघा नाही त्याचा गुडघा दुखावला, आणि रविंद्र असा चेहरा करून बसला जसं घरात कोणी आजारी आहे. उरला होता राखीव गोलकीपर हाल्या. हाल्याचं काय सांगू? चकती डावीकडून आली की हा उजवीकडे बघायचा.

तेव्हा जनरल मॅनेजर साहेब जानीच्या खुर्चीजवळ आले. प्रथमच.

"जानी, तुझा लाहू दे ना. माझा बरा होईपर्यंत. नंतर परत घे."

"आणि माझ्या गोलमध्ये कोण?"

"हाल्या घे तोपर्यंत. चालवून घे. थोड्याच मॅचेस. मी परत देईन, प्रॉमिस."

आता इथं जानीनं जे केलं ते नीट समजून घ्या, कारण क्लासमधल्या सगळ्यांनी पुढे त्याला मूर्खपणा म्हटलं. जानीच्या पाड्यावर भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळी घरं मिळून तुमच्या शेतात वाकतात, उद्या तुम्ही सगळे दुसऱ्याच्या. कोणाचं शेत आधी, कोणाचं नंतर; पण ज्याचं आधी झालं तो नंतर घरी झोपून राहिला, असं जानीनं जन्मात पाहिलं नव्हतं. ते शक्य असतं हेच तिला माहीत नव्हतं. अडलेल्याला हात द्यायचा, तो हात परत येतो. त्यासाठी कोणी लिहून घेत नाही, शपथ घालत नाही.

"घे, रवीदादा," ती म्हणाली आणि लाहू दिला. खेळात उसनं देण्याची सोय नव्हती, फक्त अदलाबदल होती. लाहू डहाणूत गेला, हाल्या विवळवेढ्यात आला.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. जानीनं ओळखलं नव्हतं. रविंद्रचा गोलकीपर बरा झाला, बाकावर येऊन बसला, आणि गोलमध्ये लाहूच उभा राहिला. एक शनिवार गेला, दुसरा गेला. जानी वाट बघत राहिली. हाल्या गोल खात राहिला. विवळवेढे तिसऱ्याचा पाचवा झाला, पाचव्याचा सातवा.

"रवीदादा, तुझा गोली बरा झाला ना?"

"हो, मस्त झाला."

"मग लाहू?"

रविंद्रनं खुर्ची तिच्याकडे वळवली. पुढं जे बोलला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "जानी, ट्रेड म्हणजे ट्रेड. बघ, इथं काय लिहिलंय? 'अदलाबदल पूर्ण.' उसनं असं कुठं लिहिलंय? याला मॅनेजमेंट म्हणतात. तुझ्या पाड्यावर नाही चालत, पण जगात असंच चालतं."

दोघातिघांनी दात काढले. बाळ्यानंही काढले, मग जानीकडे बघून मिटले.

जानी मॅडमकडे गेली. संगिता मॅडम बाई चांगल्या, पण त्यांना पडद्यावर जे दिसेल तेच खरं वाटायचं. त्यांनी चष्मा वर केला, पडदा पाहिला, म्हणाल्या, "अगं, दोघांनीही हो म्हटलेलं दिसतंय. मी काय करणार?" आणि चहा घेतला.

त्या दिवशी मोरीवर लाहू उभा होता. "जाने, आज मी किती अडवले?"

जानीच्या तोंडून खोटं निघेना. "तू आता त्या डहाणूवाल्याकडं खेळतोस," ती म्हणाली.

"मी?" लाहूनं आपल्या अंगाकडे पाहिलं. "मी तर इथंच हाय."

तिला ते त्याला समजावता येईना. तो रुसला. मला न विचारता मला दिलं, एवढंच त्याला कळलं, आणि खरं म्हणजे त्यात चूक काहीच नव्हती. पुढच्या शनिवारी मोरीवर कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून जानीनं 'रवीदादा' म्हणणं सोडलं. 'रवी'सुद्धा म्हणेना. काही बोलायचं झालं तर "ए डहाणू" म्हणायची, जसं जीपवाला स्टॉपचं नाव पुकारतो तसं. त्याच्या हुशारीचा तिला राग नव्हता, शिसारी होती. भाताच्या रोपावर बसलेला किडा आपण चिमटीत धरतो, निरखतो आणि बांधाबाहेर टाकतो. तशा नजरेनं ती त्याच्याकडे बघायची. एवढा शिकलेला, कॅनडात भाऊ असलेला, अंगावर इस्त्रीचा शर्ट. आणि ह्याला एक काल्पनिक गोलकीपर चोरावा लागतो!

हंगाम संपला. डहाणू पहिला आला. लाहूनं अडवून अडवून आणला. रविंद्रनं मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून आतेभावाला पाठवला. विवळवेढे शेवटचा आला.

शेवटचा. म्हणजे ड्राफ्टमध्ये पहिला.

हे रविंद्रच्या ध्यानात यायला दिवाळीनंतरचा शनिवार उजाडावा लागला. संगणकानं नवी पोरं पडद्यावर आणली आणि सगळ्यांत वरच्या ओळीत पाच तारे झळकले. पाच! आजवर कोणी पाहिले नव्हते. गोल करणारा पोरगा, नाव रिकामं.

रविंद्र उभाच राहिला. त्याचं एक जुनं वचन होतं, स्वतःलाच दिलेलं, पण सगळ्यांना ऐकवलेलं: ज्या दिवशी पाच तारे येतील त्या दिवशी त्या खेळाडूला तो स्वतःचं नाव देणार. तोवर नाही. "आपलं नाव ऐऱ्यागैऱ्याला देत नाही आपण." आता तो ऐरागैरा नसलेला आला होता आणि त्याला निवडण्याची पहिली पाळी होती जानीची. तिला तिथवर कोणी पोचवलं होतं? हाल्यानं. आणि हाल्याला कोणी पाठवलं होतं? यालाच मॅनेजमेंट म्हणत असावेत.

पाळी विकता येत नव्हती. हा नियम रविंद्रनंच केला होता, मागं एकदा बाळ्यानं वडापावासाठी आपली पाळी प्राजक्ताला दिली तेव्हा. त्यामुळे आता एकच वाट उरली. आधी जानीनं त्याला निवडायचं, मग त्याला रविंद्रच्या संघात पाठवायचं.

"जानी," प्राजक्ता लगेच म्हणाली, "तो मला दे. माझे दोन चांगले घे, कुठलेही."

"तू मध्ये येऊ नको गं!" रविंद्र ओरडला. मग आवाज मऊ केला. तो मऊ आवाज अंगाला चिकटत होता. "जानूताई, लाहू पाहिजे ना तुला?"

जानूताई! बाळ्यानं तोंडावर हात धरला.

"पाहिजे," जानी म्हणाली.

"मग झालं तर. लाहू तुला. तो पाच तारेवाला मला. डील?"

"आधी लाहू परत कर," जानी म्हणाली. "आजच, ड्राफ्टच्या आधी. हाल्या घेऊन जा तुझा. मग पुढचं बोलू."

"म्हणजे कबूल?"

"लाहू घरी येऊ दे. मग बोलू."

प्राजक्तानं त्याच्या कोपराला हात लावला. "अरे, ती हो म्हणालेली नाही."

"तुला नाही कळायचं," रविंद्र तिला म्हणाला. मुद्दाम हळू बोलला, पण खोली केवढी ती. सगळ्यांना ऐकू गेलं. "ही लोकं फसवत नाहीत. त्यांना जमतच नाही ते. म्हणून तर..."

म्हणून तर काय, ते त्यानं गिळलं. पण जानीला पुरेसं ऐकू आलं. पाड्याच्या ज्या भाबड्या विश्वासाला तो इतके आठवडे हसला होता, त्याच विश्वासाच्या जिवावर आता त्याला पाच तारे हवे होते. तिचा चेहरा मात्र जराही हलला नाही.

रविंद्रनं बटण दाबलं. जानीनं बटण दाबलं. हाल्या डहाणूला गेला, लाहू विवळवेढ्याला आला. पडद्यावर तेच शब्द उमटले: 'अदलाबदल पूर्ण.'

ड्राफ्ट सुरू झाला. पहिली पाळी विवळवेढे. जानीनं पाच ताऱ्यांवर बाण नेला आणि दाबलं. नावाची रिकामी चौकट उघडली. आठही डोकी पडद्यावर वाकली. मॅडमसुद्धा कप घेऊन मागं येऊन उभ्या राहिल्या. जानी एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत टाइप करू लागली. र. मग वि. मग उरलेलं.

"रविंद्र!" रविंद्रनं टाळी वाजवली. "बघितलंस प्राजक्ता? मी काय म्हणालो? नावसुद्धा घालून दिलं पोरीनं! आता दे इकडे."

"काय देऊ?" जानी म्हणाली.

"काय म्हणजे? हा. रविंद्र."

"का?"

"का म्हणजे? मी तुला लाहू दिला ना!"

जानीनं खुर्ची त्याच्याकडे वळवली, अगदी त्यानं वळवली होती तशी. "लाहू माझाच होता. तू अडला होतास, मी दिला. आता तू परत केलास. आज तू आमच्या शेतात वाकलास, त्याआधी आम्ही तुझ्या शेतात वाकलो होतो. सावड फिटली. नवीन काय दिलंस तू?"

"पण तू म्हणालीस..."

"मग बोलू म्हणाले. बोलते आहे ना."

"मॅडम!" रविंद्र वळला. "मॅडम, ही चीटिंग करतेय!"

संगिता मॅडमनी चष्मा वर केला, पडदा पाहिला. "दोघांनीही हो म्हटलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "मी काय करणार?" आणि चहाचा घोट घेतला. पण या वेळी तो घोट त्यांना नीट गिळता आला नाही, कारण हसू मध्ये येत होतं.

बाळ्या तर जमिनीवर बसला होता. "रविंद्र जानीच्या टीममध्ये!" तो म्हणत होता. "अरे, आता जानी बोलेल तसं पळणार हा! बर्फावर!"

"मला माझं नाव परत पाहिजे," रविंद्र म्हणाला. दहावीतला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत पाणी. "काढ ते नाव."

"नाव तुझं एकट्याचं हाय का?" जानी म्हणाली. "आमच्या पाड्यावर पण एक रविंद्र हाय. चांगलं पोरगं हाय ते."

मग ती पडद्याकडे वळली. पुढच्या शनिवारी पहिलाच सामना डहाणूशी होता. तिनं लाहूला उचलून गोलमध्ये ठेवलं. मग पाच ताऱ्यांच्या रविंद्रवर बाण नेला, त्याला सगळ्यांत पुढच्या ओळीतून धरून ओढलं, मधल्या ओळीवरून खाली, मागच्या ओळीवरून खाली, अगदी तळाशी, जिथं 'राखीव बाक' असं लिहिलेलं होतं तिथं नेऊन सोडून दिलं. पाच तारे बाकावर बसले.

"अगं वेडी आहेस का? पाच तारे आहेत त्याला!" प्राजक्ता कळवळली.

"असू देत," जानी म्हणाली. "आधी बसून बघू दे, बाकीचे कसे खेळतात ते."

आणि दप्तर उचलून ती जिना उतरली.

जीपमधून उतरली तेव्हा ऊन अजून पिवळं होतं. मोरीवर कोणी नव्हतं. घरासमोर खळं सारवलेलं होतं, झोडणी झालेला पेंढा एका बाजूला रचला होता, आणि त्या पेंढ्याला टेकून लाहू पाठ फिरवून बसला होता.

"लाहू, तू परत आलास," जानी म्हणाली.

त्यानं पेंढ्यातली एक काडी उपसून मोडली.

"मी त्या डहाणूवाल्याकडनं परत आणलं तुला. आता कोणाला देणार नाही. दिलं तर आधी तुला विचारीन."

लाहूनं मान थोडी वळवली. "आणि तो डहाणूवाला?"

"बाकावर बसलाय."

"रडत?"

"थोडा."

लाहूनं विचार केला. मग उठून उभा राहिला. "मग आज मी किती अडवले?"

जानीनं दप्तर ओट्यावर टाकलं. पेंढ्याच्या दोन पेंड्या उचलून खळ्यावर थोड्या अंतरावर उभ्या केल्या आणि लाहूला दंडाला धरून त्यांच्या मधोमध नेऊन ठेवलं. कुंपणाची एक वाकडी काठी उपसली. चकती कुठून आणणार? तिनं इकडेतिकडे पाहिलं, चुलीजवळचं एक वाळलेलं चपटं लाकूड घेतलं, जमिनीवर ठेवलं, चार पावलं मागं गेली आणि काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मोज आता तूच," ती म्हणाली, आणि तिनं फटका मारला.